लिहावयाला सवड कोठून आणावी?



आमच्या शेजारीं एक बाई राहतात. शाळेंत शिकवितात, घरीं सासूबाईंचें दुखणें आहे, दोन मुलें आहेत. गेल्या श्रावणांत एके दिवशीं जिन्यांत भेटल्या तेव्हां म्हणाल्या, "काका, मनांत लिहिण्यासारखें फार असतें हो; पण एक तर वेळ मिळत नाहीं, आणि मिळालाच तर त्या वेळीं कांहीं सुचत नाहीं." मीं मोठ्या शहाणपणानें मान डोलावली, "सवड काढावी लागते" असें एक ठरीव उत्तर दिलें आणि खालीं उतरलों. पण उतरतां उतरतां माझी मलाच लाज वाटली. कारण हेंच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी स्वतः वीस वर्षें म्हणत होतों. आणि त्या वीस वर्षांत माझ्या हातून जें निसटलें तें पुढें कोणत्याहि सवडीनें परत मिळालें नाहीं. तें काय, हें ओघानें येईलच.

या तक्रारींतली गंमत अशी कीं, तिचे दोन भाग एकमेकांना संभाळून घेतात. वेळ नाहीं म्हणून लिहीत नाहीं, असें म्हणणाऱ्याला रविवारची दुपार मोकळी सांपडली तर तो स्फूर्तीकडे बोट दाखवितो. आणि स्फूर्ति आली असें वाटूं लागावें तों स्वयंपाकघरांत कुकरची शिट्टी होते, किंवा कोणी पाहुणा दार वाजवितो. लेखक म्हटला म्हणजे नदीकांठ, सायंकाळ आणि विस्कटलेले केस, हें चित्र आपल्या मनांत कोणीं भरवून दिलें न कळे. ज्यांनीं खरोखर लिहिलें त्यांच्या दिनचर्या पाहाव्या तर त्यांत नदीकांठ क्वचितच आढळतो. कचेरी, शाळा, चूल आणि आगगाडी मात्र जागोजाग आढळतात.

इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत अॅन्थनी ट्रॉलप नांवाचा एक पोस्टखात्यांतील अधिकारी होऊन गेला. तेहतीस वर्षें त्यानें ती चाकरी केली. खेडोपाडींच्या टपालाच्या वाटा घोड्यावर बसून तपासणें हें पुष्कळ दिवस त्याचें काम होतें. चाकरीच्या काळांत आणि नंतर मिळून या गृहस्थानें सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपांचला तो टेबलाशीं बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशींचें लिखाण वाचण्यांत जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशें शब्द झालेच पाहिजेत, असा त्याचा स्वतःशीं करार असे. न्याहरीपूर्वीं हें सारें आटोपून तो कचेरीचा माणूस होई. फिरतीवर असला म्हणजे आगगाडीच्या डब्यांत मांडीवर लहानशी फळी घेऊन पेन्सिलीनें लिही. ‘बार्चेस्टर टॉवर्स’ या त्याच्या गाजलेल्या कादंबरीचा बराच भाग असा धावत्या गाडींत लिहिला गेला, आणि त्याच्या पत्नीनें मागाहून त्याची नीट प्रत केली. हा सारा हिशेब त्यानें आत्मचरित्रांत मोकळेपणीं मांडला. तें त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ सालीं, प्रसिद्ध झालें, तेव्हां पुष्कळ रसिकांचा विरस झाला. कादंबरी ही कापडासारखी गजावर मोजून विणतां येते, ही कल्पना त्यांना सोसवेना. मला मात्र तो हिशेब वाचून धीर आला. शब्द मोजल्यानें पुस्तक वाईट होत असतें, तर ट्रॉलप आज वाचलाच गेला नसता.

पण त्याच आत्मचरित्रांत एक लहानशी गोष्ट आहे, आणि तिच्यापाशीं मी जरा अडखळलों. त्याला पहाटे हांक मारून कॉफी आणून देण्यासाठीं एक म्हातारा मोतद्दार होता, व या कामाबद्दल त्या म्हाताऱ्याला वर्षाला पांच पौंड जास्त मिळत. आपल्या यशाचें ऋण या माणसाइतकें दुसऱ्या कोणाचें नसावें, असें ट्रॉलपनें प्रांजळपणें लिहिलें आहे. आतां आपल्या घरांत पहाटे साडेपांचला उठून चहाचें आधण कोण ठेवतें? पाणी कोण भरतें, दूध कोण घेतें, डबे कोण भरतें? जी भरते, तिनें आपली कादंबरी केव्हां लिहावी? ‘पहाटे उठा’ हा उपदेश पुरुषांना करणें सोपें आहे. बायका उठलेल्याच असतात.

व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेनें १९२९ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, स्त्रीला कथा-कादंबरी लिहावयाची असेल तर वर्षाला पांचशें पौंडांची प्राप्ति आणि आंतून कडी लावतां येईल अशी स्वतःची खोली हवी. तिचें म्हणणें खरें आहे, आणि तें खरें आहे म्हणूनच आपल्यापुढचा प्रश्न अवघड आहे; कारण चाळींतल्या दोन खोल्यांत सहा माणसें राहिलीं म्हणजे कडी लावावयाची कोणत्या खोलीला? जेन ऑस्टिनला तरी अशी खोली कोठें होती? तिच्या पुतण्यानें लिहिलेल्या आठवणींत असें आहे कीं, ती बैठकीच्या खोलींत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्यें बसून कागदाच्या लहान लहान तुकड्यांवर लिहीत असे. दार उघडतांना करकरत असे. तें दुरुस्त करूं नका, असें तिनें सांगून ठेविलें होतें. त्या करकरीनें कोणी येत असल्याचें कळे आणि कागद झांकतां येत. माझ्या मतें वुल्फबाईंची मागणी आपण सोडूं नये. पण ती पुरी होईपर्यंत एखादें करकरणारें दार शोधून ठेवावें. आणि घरांतल्या पुरुषांनीं संध्याकाळचा अर्धा तास चूल संभाळली, तर तें दारहि लागणार नाहीं.

आपल्याकडे मात्र याहून जुनी आणि याहून विलक्षण एक तोड होती. कामांतून वेळ काढावयाचा नाहीं, तर कामाच्या आंतच शिरावयाचें. जात्यावर बसलेल्या बाईला पळभरहि मोकळीक नसते. दोन्ही हात खुंट्यावर, अंगाला घाम, उजाडायच्या आंत पायलीभर दळण व्हावयाचें. पण जात्याला फेरा असतो, फेऱ्याला लय असते, आणि हात गुंतले कीं मन मोकळें होतें. त्या फेऱ्यांवर ओवी जन्मली. शेंकडों वर्षें, हजारों गांवांत, अक्षरशत्रु म्हणविल्या जाणाऱ्या बायकांनीं आपलें माहेर, भाऊ, सासुरवास, पांडुरंग आणि घरची चटणी-भाकरी हें सारें त्या लयींत घातलें. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून या ओव्या जमविल्या, तेव्हां त्यांची संख्या लाखावर गेली. वेळ नसलेल्या माणसांची ही एवढी वाङ्मयसंपत्ति!

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी याच परंपरेंतल्या. १८८० सालीं जळगांवजवळ असोद्याला त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षीं लग्न, तिशींत वैधव्य, पुढें शेत आणि मुलें. लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत खपतांना, दळतांना त्या गाणीं रचीत आणि म्हणत. त्यांच्या विषयांची यादी केली तर ती एखाद्या शेतकऱ्याच्या घरच्या दिवसाची यादी होईल: मोट, पेरणी, जातें, चूल, सुगरणीचें घरटें, आणि या सर्वांत फिरणारें मन. स्फूर्ति बाहेरून कोठून तरी उतरते, असें मानणाऱ्यानें ही यादी एकदां पाहावी. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरांत वारल्या. त्यांचे पुत्र, कवि सोपानदेव, आणि घरांतलेच एक आप्त यांनीं त्यांतलीं कांहीं गाणीं वेळोवेळीं टिपून ठेविलीं होतीं. सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ सालीं तीं गाणीं छापून निघालीं. मराठी कवितेला एक अपूर्व लेणें मिळालें, हें सर्वजण सांगतात. मला दुसरीच गोष्ट आठवत राहते: तीं गाणीं टिपलीं गेलीं नसतीं तर? रचण्याला वेळ लागला नव्हता. टिपण्याला मात्र कोणी तरी कामें बाजूला ठेवून बसावें लागलें.

आतां मीं सुरवातीला म्हटलें तें सांगतों. माझी आत्या आमच्याच घरीं राहत असे. कोंकणांतलें घर, पहाटे माजघरांत जातें सुरू झालें कीं त्या घरघरीवर मला अधिकच गाढ झोंप लागे. आत्या पाठ असलेल्या ओव्या म्हणे, तशाच स्वतः जोडलेल्याहि म्हणे. बंदरावर वादळ झालें, कोणाची गाय हरवली, मी मॅट्रिकला गणितांत नापास झालों, हें सारें तिच्या ओवींत आलें. गणिताची ओवी तर गांवांत इतकी गाजली कीं मला पाणंदीनें जाण्याची चोरी झाली. पुढें गांवांत पिठाची गिरण आली. जातें भिंतीला टेकलें आणि त्यावर कंदील ठेवावयाला लागले. आत्याची ओवी त्या दिवसापासून कमी कमी होत गेली. तिला नुसतें बसून ओवी म्हणतांच येत नसे, हात फिरल्यावांचून शब्द येत नाहींत म्हणे.

मी मुंबईला कारकून झालों. लेखक व्हावयाचें हें मनांत पक्कें होतें. दर मे महिन्यांत गांवीं जातांना कोरी वही बरोबर नेत असें. आत्याच्या ओव्या उतरून घ्यावयाच्या, हा बेत होता. पण मे महिन्यांत आंबे असत, लग्नें असत, दुपारची झोंप असे. ‘पुढल्या वर्षीं’ असें म्हणून वही परत येई. मी मोठ्या विषयाची वाट पाहत होतों. क्रांति, नियति, महानगर असे शब्द माझ्या डोक्यांत घोळत असत, आणि माजघरांत बसलेली म्हातारी हा विषय होऊं शकतो, हें मला सुचलेंहि नाहीं. ज्या वर्षीं खरोखर बसलों त्या वर्षीं आत्या मला ओळखीत नव्हती. तिच्यासमोर सुपांत तांदूळ ठेविले, हात फिरूं लागला, आणि तुटक तुटक शब्द आले. अकरा ओव्या पुऱ्या मिळाल्या, बारावी अर्धी. ती अर्धी गिरणीविषयींची आहे: जात्या, तुला आतां कोणतें सासर, असें ती त्यांत विचारते. उत्तर दुसऱ्या अर्धांत असावें. गणिताची ओवी गेली ती गेलीच.

तेव्हांपासून ‘विषय नाहीं’ हें वाक्य मीं टाकून दिलें. आपल्या संतांनीं तें कधींच टाकिलें होतें. सावता माळ्याला मळ्यांतल्या भाजींत विठ्ठल दिसला. नरहरि सोनारानें मूस आणि फुंकणी घेऊन अध्यात्म सांगितलें. सेना न्हाव्यानें विवेकाचा आरसा लोकांपुढें धरिला. धंद्याचें हत्यार हेंच त्यांचें लेखनसाहित्य होतें. अलीकडच्या काळांत नारायण सुर्वे गिरणींत राबले, शाळेंत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. १९६२ च्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या संग्रहांतला कामगार त्यांना कोठें शोधावा लागला नाहीं. आपण कचेरींतलीं माणसें मात्र कवितेला बसलों कीं चांदणें शोधूं लागतों. आवक-जावकाच्या नोंदवहींत, साहेबांच्या लाल शेऱ्यांत, निवृत्तीच्या दिवशीं हार घालून घरीं आलेल्या आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां नऊला कपडे करून बसलेल्या माणसांत काय कमी आहे?

कित्येकांना सवड नको असते, तगादा हवा असतो, हेंहि सांगितलें पाहिजे. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक सुरू केलें आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालविलें. आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे, नगरपालिकेचें काम त्यांच्याकडे. आणि आठवड्याच्या आठवड्याला छापखान्याचा माणूस मजकुरासाठीं दारांत उभा. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी अशी अंकाअंकांतून बाहेर पडली. यमूची ती करुण कहाणी वाचतांना छापखान्याची घाई कोणाला जाणवते? आणि नभोवाणीचें उदाहरण तर घरचेंच आहे. पुणें केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, गीतरामायणाचें पहिलें गीत प्रसृत झालें. दर आठवड्याला एक गीत माडगूळकरांनीं लिहावयाचें, सुधीर फडके यांनीं त्याला चाल लावावयाची. त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें बावन्नांऐवजीं छपन्न गीतें झालीं. आठवडा कोणासाठीं थांबत नाहीं, आणि ठरलेल्या वेळीं ध्वनिक्षेपकासमोर ‘आज सुचलें नाहीं’ असें सांगण्याची सोय नाहीं. आपल्याला असा तगादा कोण लावणार? एखादा मित्र लावील. दर पंधरवड्याला एकमेकांना एक पान वाचून दाखविणारीं चार माणसें असलीं तरी पुरे. मात्र त्यांनीं एकमेकांची स्तुति करण्याचा धंदा आरंभूं नये.

याउलट घाईचा एक दाखला नेहमीं दिला जातो, त्याविषयीं मला थोडें निराळें वाटतें. साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगांत १९३३ च्या फेब्रुवारींत अवघ्या पांच दिवसांत लिहिली. खरें आहे. पण त्यांची आई वारली १९१७ सालीं. मधलीं सोळा वर्षें ती आई त्यांच्या मनांत होती, बोलण्यांत होती. मग हें पुस्तक पांच दिवसांचें म्हणावयाचें कीं सोळा वर्षांचें? लिहिण्याचा वेळ आणि पिकण्याचा वेळ हे निरनिराळे आहेत. आपण बसमध्यें उभे असतों, भाजी निवडतों, आजाऱ्याच्या उशाशीं बसतों, तेव्हां हा दुसरा वेळ आपोआप मिळत असतो. तो वेळ नाहीं असें कोणालाच म्हणतां येणार नाहीं. आणि पिकण्याला वय आड येत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचें शिक्षण नव्हतें. लग्नानंतर त्या अक्षरें शिकल्या, आणि ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला तेव्हां त्यांचें वय सहासष्ट होतें. त्यांच्या त्या घरगुती, खट्याळ मराठीपुढें पुष्कळ पंडितांची मराठी आज शिळी वाटते.

माझ्या स्वतःच्या युक्त्या अगदीं साध्या आहेत. खिशांत एक चिमुकली वही असते. तींत विचार लिहावयाचे नाहींत, असा मीं नियम केला आहे, कारण माझे विचार दुसऱ्या दिवशीं मलाच कंटाळवाणे वाटतात. ऐकलेले शब्द लिहावयाचे. मंडईंतली भाजीवाली म्हणाली, "आजची मेथी रुसलीय, उद्यां न्या." हें टिपावयाला अर्धें मिनिट लागलें, त्यावर पुढें एक गोष्ट उभी राहिली. आजकाल फोनवरहि टिपतां येतें म्हणतात. येतें खरें, पण तो उघडला कीं त्यांतून दुसरेंच कांहीं तरी बाहेर येतें आणि मेथी राहून जाते. मला वहीच बरी. रात्रीं जेवणानंतर पंधरा मिनिटें, कमी नाहीं आणि बहुधा जास्तहि नाहीं. रोज दहा ओळी झाल्या तरी वर्षाकांठीं साडेतीन हजारांवर जातात. त्यांतल्या तीन हजार टाकाऊ निघतात, हें मी लपवीत नाहीं. उठतांना वाक्य अर्धें सोडावयाचें. दुसऱ्या दिवशीं कोऱ्या कागदाचें भय वाटत नाहीं, वाक्य पुरें करण्यासाठीं हात आपोआप जातो. आणि पहिला खर्डा घरांत कोणालाहि वाचावयाला द्यावयाचा नाहीं. आपलीं माणसें प्रेमानें ऐकतात, आणि प्रेमानें जांभई देतात, तीहि कळतेच.

जिन्यांतल्या त्या भेटीनंतर मला स्वस्थता नव्हती. दोन दिवसांनीं मी त्यांच्याकडे गेलों आणि आत्याची गोष्ट त्यांना सांगितली. उपदेश कांहीं केला नाहीं. त्या ऐकून घेऊन गप्पच राहिल्या. मग महिन्याभरानें एके संध्याकाळीं त्यांनीं मला आंत बोलाविलें. सासूबाईंना रात्रीं झोंप नसते. जागेपणीं त्या जुन्या गोष्टी बोलत राहतात: माहेरची विहीर, हरवलेली एक बहीण, कोणा सवाष्णीचें हिरवें लुगडें. सूनबाईंना उशाशीं बसून औषधें द्यावीं लागतात. औषधांच्या वेळांचा एक तक्ता त्यांनीं कागदांवर करून ठेविला होता. त्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्यांनीं हें बोलणें, म्हातारीच्याच शब्दांत, लिहावयाला घेतलें होतें. सात कागद भरले होते. एका बाजूला गोळ्यांचीं नांवें आणि रात्रीचे बारा, दोन, चार हे आंकडे. दुसऱ्या बाजूला विहीर. "याची गोष्ट होईल कीं कविता, तें कळत नाहीं," त्या म्हणाल्या. मीं कागद जपून परत दिले आणि त्यांना एवढेंच विचारलें कीं, आठवा कागद आहे ना?